गाठीतली गोळी

“मांडा हातावर असला का तिला आवाज नको देऊ ताई,” दिगंबर बहिणीला म्हणाला. “काहीच ऐकू येत नही तिला.”

“आणि हातावर नसला का?”

“तेव्हाबी येत नही.”

ज्योत्स्ना हसली. तोवर मांडा हातावरून खापरावर गेला होता, त्यामुळे दुसरं वाक्य त्याच्या बायकोला, उषाला, नीट ऐकू आलं. तिनं पुढचा उंडा घेतला.

दुसऱ्या दिवशी आखाजी होती, म्हणजे अक्षय्य तृतीया. बुरहानपूरच्या शनवारा आणि इतवारा या भागांत आखाजीला आमरसाबरोबर खापराचे मांडे लागतात, पण ते करणारे हात आता थोड्याच घरांत उरले आहेत. उषा ऑर्डरचे मांडे करते. चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं असतं. पुरण भरून लाटलेली पोळी ती दोन्ही हातांवर घेते, या हातावरून त्या हातावर फिरवते, आणि पोळी स्वतःच्या वजनानं पसरत कोपरापर्यंत येते. त्या वेळी नजर हलली तर ती फाटते. उषाची फाटत नाही.

बाकीच्या घराची गोष्ट वेगळी. मोरीतला नळ सकाळपासून वाहत होता. अर्धा प्यालेला चहा खिडकीत होता, त्याच्या आधीचा फ्रिजवर. आंबे पाण्यात घालायला म्हणून ती मघाशी उठली होती. वाटेत दोरीवरचे कपडे दिसले म्हणून ते काढायला लागली, अर्धे काढून झाल्यावर फोन शोधायला गेली. फोन पिठाच्या डब्यात सापडला. आंबे अजून पिशवीतच होते.

“फुई, खंडव्यात माकडं आहेत?” तृप्तीनं विचारलं. ज्योत्स्ना तिची फुई, बापाची मोठी बहीण. आखाजीला माहेरी आली होती. “फुई, तुझ्या शाळेत झोका आहे? फुई, हे देख ना, माझा दात हालून राह्यला.” उत्तर यायच्या आत नऊ वर्षांची तृप्ती गल्लीत पोचली होती.

ज्योत्स्ना खंडव्याला शाळेत शिकवते. तृप्तीला आपल्याकडे न्यावं, आपल्याच शाळेत घालावं, असं तिनं दिवाळीतच सुचवलं होतं. तेव्हा दिगंबर नको म्हणाला होता. मग थंडीतली ती गोष्ट झाली.

मायलेकी इतवाऱ्यात चाळणी घ्यायला गेल्या होत्या. उषा चाळणी घेऊन घरी आली. कुलूप काढताना तिच्या लक्षात आलं की जाताना एका हातात पोरीचा हात होता. ती धावत परत गेली. तृप्ती मोटर वाइंडिंगच्या दुकानासमोर उभी राहून तांब्याची तार गुंडाळली जाताना बघत होती. आई निघून गेली होती हे तिला कळलंच नव्हतं.

“एक विसरते, दुसरी हरवते,” दिगंबर त्या दिवसापासून म्हणायला लागला. सुरुवातीला हसून म्हणायचा.

त्याच महिन्यात शाळेनं बोलावलं. पोरगी बाकावर बसत नाही, गणित अर्धं सोडते, दुसऱ्यांचं बोलणं तोडते. कोणीतरी जळगावच्या डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं. त्यांनी घाई केली नाही. शाळेचे शेरे वाचले, तृप्तीशी पत्ते खेळल्या, मग दिगंबर-उषाला समोर बसवलं.

“ही खोड नाही, आळसही नाही,” त्या म्हणाल्या. “हिला लक्ष एका जागी धरून ठेवता येत नाही. आणि एखाद्या गोष्टीत गुंतलं, तर तिथून काढता येत नाही. रागावून हे बदलत नाही.” मग काय करायचं ते सांगितलं. एका वेळी एकच काम सांगायचं, तेही तिच्या डोळ्यांत बघून. अभ्यासाचे छोटे तुकडे करायचे, मध्ये पळू द्यायचं. काही जमलं की तिथल्या तिथे शाबासकी द्यायची. रोजचा क्रम बदलायचा नाही. आणि सकाळी खाल्ल्यावर एक गोळी. ही गोळी बुरहानपुरात सहज मिळत नसे, जळगावहूनच आणावी लागे.

“घरात अजून कोणी असं आहे?” त्यांनी शेवटी विचारलं.

दिगंबरनं हसत उषाकडे बोट केलं. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी उषाला विचारलं, शाळेत कसं होतं? आता घरात कसं होतं? उषा सांगत गेली. बाप म्हणायचा वेंधळी, मास्तर म्हणायचे ढ, सासरी आल्यावर धांदरट. हे सगळं आपल्या स्वभावाबद्दल आहे असं ती समजत होती.

“मोठ्यांनाही असतं हे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “बायकांचं तर बहुतेक वेळा कोणी ओळखतच नाही. तुम्हीही तपासून घ्या.” त्यांनी तारीख दिली. ती तारीख उषा विसरली.

आता शेवटचा मांडा घडी करून टोपलीत गेल्यावर दिगंबरनं तेच काढलं. “स्वतःची तारीख विसरली तू. पोरीची गोळी किती दिवस ध्यानात ठेवशील?”

“गोळी एकबी दिवस चुकली नही.”

“आजपर्यंत.”

“आजपर्यंतचंच सांगून राह्यली मी.”

ते खरं होतं. दिगंबर रोज संध्याकाळी गोळ्यांची पट्टी बघायचा, त्यालाही माहीत होतं. ज्योत्स्नानं विचारलं, कसं जमवतेस? उषानं खुंटीवरची मलमल काढून तिच्या हातात दिली. कोपऱ्याला गाठ होती आणि गाठीत पट्टी.

ही रीत तिच्या सासूची, मनकर्णाबाईंची. लग्नानंतर त्यांनी सुनेला आधी सगळ्या बायका शिकवतात तेच शिकवलं: काही ध्यानात ठेवायचं तर पदराला गाठ मार. उषाला गाठ दिसायची, ती कशाची होती ते आठवायचं नाही. चार शिव्या देऊन झाल्यावर म्हातारी म्हणाली, “मंग वस्तूच बांध ना वो बाई गाठीत.” तेव्हापासून किल्ली हवी तर किल्ली बांधायची, लिंबू आणायचं तर सालीचा तुकडा. मनकर्णाबाई गेल्या, मांडे आणि गाठ राहिली. मांड्यांचं पीठ सकाळी मलमलमधून गाळून घ्यावं लागतं. मलमल हातात घेतली की गाठ बोटांना लागायची, आणि उषा पीठ तसंच ठेवून आधी तृप्तीला हाक मारायची.

“डबी आणून दिली होती मी तिला, वार लिहिलेली,” दिगंबर म्हणाला.

“कुठी आहे?” ज्योत्स्नानं विचारलं.

उषानं खोलीभर नजर फिरवली. “होती इथंच.”

ज्योत्स्ना पुन्हा हसली, पण या वेळी थोडंच. “हे देख उषा, मी काही हिसकून नही नेऊन राह्यली तिला. पण पोरीचं एक वर्ष गेलं. माझ्याकडं शिस्त राहील.”

“माझ्याकडंबी राहून राह्यली ना.”

“परवा ताई निघेल,” दिगंबर म्हणाला. “आखाजी नीट होऊ दे. मग ठरवू.”

आखाजी नीट सुरू झाली. उषा लवकर उठली. अंगण झाडलं, आमरस काढला, कुरडया तळल्या. मनकर्णाबाईंच्या नावानं पाण्याची घागर भरून पाटावर ठेवली, तिच्या तोंडावर खरबूज ठेवलं. दिगंबरनं चुलीत पितरांचा घास टाकला. ऑर्डरी कालच संपल्या होत्या, घरचे मांडेही कालचेच होते. उषाला सगळा दिवस मोकळा वाटत होता आणि त्या मोकळेपणात ती सारखी इकडून तिकडे फिरत होती.

गल्लीतल्या निंबाला झोका बांधला होता. तृप्ती झोक्यावरून घरात, घरातून झोक्यावर. तिचा नंबर येईपर्यंत ती थांबेना, दुसऱ्या पोरींना दोरीवरून ओढू लागली. त्यांनी हाकलली. मग घरात येऊन फ्रिज उघडला, बंद केला, फुईची पर्स उघडली, कॉटवरून उडी मारली.

“तृप्ती, हळू, चप्पल काढ, हात धू, आणि पप्पाला बोलव,” उषा एका दमात म्हणाली.

तृप्तीनं त्यातलं काही केलं नाही. ती दाराकडे पळाली आणि पाटाला अडखळली.

घागर फुटली. खरबूज कॉटखाली गेलं. पाणी उंबऱ्यापर्यंत पसरलं.

दिगंबर पाण्यात उभा होता. ती त्याच्या आईची घागर होती.

“गोळी दिली होती ना हिला?” त्यानं विचारलं.

“हो,” उषा म्हणाली.

तिनं विचार करून उत्तर दिलं नव्हतं. असल्या प्रश्नाला ती आयुष्यभर आधी हो म्हणत आली होती आणि मग पळत जाऊन ते काम करत आली होती. आताही ती पोतेरं आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेली, आणि खुंटीसमोर थांबली. मलमल कालच्याच घडीत होती. कोपऱ्याची गाठ कोणी सोडलेली नव्हती. आज पीठ गाळायचं नव्हतं.

तिनं गाठ सोडली. पट्टीतून आजची गोळी काढून तळहातावर घेतली. चुलीत पितरांच्या घासाखाली निखारे होते. संध्याकाळी दिगंबर पट्टी बघेल तेव्हा एक घर रिकामं दिसायला हवं होतं, एवढंच. मग पोरगी घरी राहिली असती.

बाहेरून त्याचा आवाज आला. “ऐकलं ना ताई? गोळी खाऊन हे असं. आपण जळगावच्या चकरा मारून राह्यलो, पैसा टाकून राह्यलो. रोग-बीग काही नही. पोरगीच अशी आहे.”

“पप्पा, मी मुद्दाम नही केलं,” तृप्ती म्हणाली.

हे वाक्य उषाला पाठ होतं. ते तिनं बापाला सांगितलं होतं, मास्तरांना सांगितलं होतं, याच घरात सांगितलं होतं. कोणीही ते कधी खरं मानलं नव्हतं.

ती मूठ मिटून बाहेर आली. पाण्यात उभी राहिली आणि मूठ उघडली.

“गोळी दिलीच नही मी. राहून गेली. मघाशी खोटं बोलली.” तिनं दिगंबरकडे बघितलं. “पोरीला काही नको म्हणा. तिच्यात खोट नही.”

दिगंबर गोळीकडे बघत राहिला. तो ओरडेल असं तृप्तीला वाटलं, ती फुईच्या मागे गेली. तो ओरडला नाही. कॉटवर बसला.

“आता नको देऊ, उशीर झाला,” ज्योत्स्ना हळूच म्हणाली. “झोप नही येणार तिला. उद्या सकाळी दे.” मग ती खाली बसून खापऱ्या वेचायला लागली. उषाही बसली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

“खोटं बोललीच आहे म्हणा ना,” उषा खापऱ्या वेचता वेचता म्हणाली. “तं घेऊन जा म्हणायला मोकळे तुम्ही.”

“मी काही म्हटलं का?” दिगंबर म्हणाला. त्यानं कॉटखालचं खरबूज काढून पाटावर ठेवलं. “सुट्टीपुरती जाऊ दे तिला.”

“सुट्टीपुरतीच,” ज्योत्स्ना म्हणाली.

सुट्टीनंतर शाळा असते, आणि ती खंडव्यालाही असते, हे तिघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ऑटो दारात आला तेव्हा तृप्ती खुशीत होती. तिच्या बॅगेत काय नव्हतं! फुटलेल्या घागरीचा एक तुकडाही होता. उषानं तिला खायला घालून गोळी दिली, मग उरलेली पट्टी ज्योत्स्नाच्या हातात ठेवली. ज्योत्स्नानं पर्समधून वारांची डबी काढली. नवी होती, कालच घेतलेली असावी.

“ताई, एका टायमाला एकच काम सांगजा तिला,” उषा म्हणाली. “दोन सांगितले का पयलंबी जातं. काल मी चार सांगितले.”

“ध्यानात ठेवीन.”

“आणि काही जमलं का लगेच म्हणजा, छान केलं. संध्याकाळपर्यंत थांबू नका.”

“हो, उषा.”

तृप्ती उंबऱ्यात घुटमळत होती. “मम्मी, सुट्टी संपली का तू येशील ना घ्यायला?”

“येईन.”

“विसरशील तू.” ती तक्रार करत नव्हती. तिला जे माहीत होतं ते तिनं सांगितलं.

उषाच्या खांद्यावर मलमल होती. गाठ सुटलेला कोपरा चुरगळून उभा राहिला होता. तृप्तीनं तो बघितला. एका वेणीचं लाल रबर ओढून काढलं, कोपऱ्यात ठेवलं आणि दातात धरून गाठ मारली. घट्ट बसली का ते दोनदा ओढून बघितलं. फुईनं तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा ती ऑटोत चढली, एक वेणी बांधलेली, एक सुटलेली.

ऑटो शनवारा गेटकडे वळला. दिगंबर त्याच्या मागे गाडी घेऊन स्टँडवर गेला. जाताना त्यानं मोरीतला नळ बंद केला.

त्यानंतरच्या सकाळी एकही ऑर्डर नव्हती. उषानं तरी डबा उघडला, परात घेतली आणि मलमल पसरली. गाठ बोटांना लागली. तिनं ती सोडली, रबर बघितलं, पुन्हा होतं तसं बांधलं. गॅसवरचं दूध वर आलं आणि उतू गेलं. तिनं गॅस बंद केला. शेगडी पुसायला फडकं उचललं, आणि परत ठेवलं.

तृप्तीच्या फाइलवर जळगावच्या डॉक्टरबाईंचा नंबर होता. स्वतःसाठी पुन्हा तारीख मागायला तिनं तो लावला. पलीकडे बराच वेळ रिंग वाजत राहिली, दारात भाजीवाला ओरडत होता, शेगडीवर दूध वाळत होतं. फोन उचलला जाईपर्यंत तिनं मलमल हातातून खाली ठेवली नाही.