गेब्हार्डने रस्ता बंद केला

"अरे, बर्फाला उठवायचंय, जोजवायचं नाही," मी खड्ड्याच्या काठावरून ओरडलो.

खाली कमरेएवढ्या खड्ड्यात गेब्हार्ड उभा. धंद्याने नळवाला, पण गावाच्या हिमस्खलन समितीचा अध्यक्ष. मी बेकरीवाला, समितीतला दुसरा. बर्फाचा चौकोनी खांब कापायचा, वर फावडं ठेवायचं आणि तळव्याने थापा मारायच्या. जितक्या हलक्या थापेला वरचा थर सुटेल, तितका धोका मोठा. गेब्हार्ड मांजराच्या पिल्लाला गोंजारावं तसा थापटत होता.

तरीही वरचा थर सुटला आणि त्याच्या पायांवर येऊन पडला. खाली साखरेसारखा दाणेदार बर्फ उघडा पडला.

"दुसरीकडे खणू," तो म्हणाला.

दुसरीकडेही तेच. तिसरीकडे तर नुसतं फावडं ठेवलं आणि खांब गेला.

"आज पोरीचं लग्न आहे रे," गेब्हार्ड म्हणाला. मला नाही, बर्फाला.

नवरा, पाद्री आणि चर्च खालच्या गावात. नवरी, बँडवाले आणि जेवण आमच्या वरच्या गावात. मधला एकुलता एक रस्ता नेमका याच उताराखालून जातो. गेब्हार्ड खाली उतरला आणि त्याने रस्त्यावर आडवा दांडा टाकला.

मग फोन सुरू झाले. पहिला विहीणबाईंचा. "माझा एलमार पसंत नव्हता तर तोंडावर सांगायचं होतं. डोंगराआड कशाला लपता?"

दुपारी लख्ख ऊन पडलं. उतार असा गप्प, जणू त्या गावचाच नाही. कोट-टाय घातलेले पाहुणे दांड्यापाशी जमले.

"आपल्याकडे लग्नात पोरं गंमत म्हणून नवरी पळवतात," खाणावळीचा मालक म्हणाला. "बापाने नवरा पळवलेला पहिल्यांदाच बघतोय."

"कुठाय तुझं हिमस्खलन? आमंत्रण द्यायचं राहिलं का त्याला?" दुसऱ्याने विचारलं.

गेब्हार्ड गाडीत बसून सगळं ऐकत होता, मी मागच्या सीटवर. मला त्याची फार कीव आली. खरं सांगतो, मी मनात त्या बर्फाला म्हणालो, ये बाबा एकदाचा खाली, याची लाज राख. पण तो कसला येतोय.

तेवढ्यात रोमाना आली. अंगात लग्नाचा पांढरा झगा, पायात गमबूट, हातात सुपाचा वाडगा. पाहुण्यांनी तिला वाट दिली. ती बापाशेजारी गाडीत बसली. मी मागे अंग चोरून घेतलं.

"पडणार आहे का तो?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"आणि नाही पडला तर?"

"तर नाही पडला."

"मग जन्मभर बोलेन तुला, सांगून ठेवते. माझी पोरंसुद्धा बोलतील."

गेब्हार्डने वाडगा घेतला.

"बोल," तो म्हणाला. "म्हातारी होईपर्यंत बोल."

आणि उताराकडे बघत तो सूप प्यायला लागला.