रडक्या

"रडतंय! झाड रडतंय!"

शहराच्या कडेला लागून असलेल्या जंगलात सकाळपासून रीघ लागली होती. वस्तीतल्या लोकांनी आळीपाळीने राखण करून बावीस वर्षांत पुन्हा उभं केलेलं हे जंगल. घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळकाका त्यात सगळ्यांच्या पुढे. गेल्या महिन्यात वणवा अडवायला गवत कापताना ते एका झाडाखाली कोसळले, ते उठलेच नाहीत. आता त्याच झाडावरून टपटप पाणी गळत होतं, आभाळात ढगाचा ठिपका नसताना!

कुठूनसे आलेल्या एका बुवांनी फांदीवर काठी हाणली. "रड बाबा, मोकळा हो! आत्मा सालीत अडकलाय, मंडळी. साल उशाखाली ठेवा, दुखणी पळतील!"

थेंबांची सर आली. ओंजळी पुढे झाल्या, थेंब डोळ्यांना लागले, सालीवर कोयते चालले.

काकांच्या लेकीच्या तळहातावरही एक थेंब पडला. क्षणभर तिने मूठ मिटली.

शेजारी आई वाटीत थेंब धरत होती. "बघ ना, गेले नाहीत गं ते."

लेकीने खोडाकडे पाहिलं. खोडाभोवती जेमतेम चार बोटं साल उरली होती. तीही गेली, तर मुळं उपाशी राहून झाड उभ्या उभ्या वाळणार होतं.

ती वीस पावलांवरच्या, त्याच जातीच्या दुसऱ्या झाडापाशी गेली आणि तिने फांदी गदागदा हलवली. तिथेही सर आली.

"बुवा, हे कुणासाठी रडतंय?"

"पोरी, आत्मा पसरतो..."

"काका तर एका स्टुलावर मावायचे!" दूधवाला म्हणाला. गर्दीत खसखस पिकली.

लेकीने वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं भिंग काढून एका डहाळीवर धरलं. फेसाच्या गोळ्यात किडे बसले होते. "हे झाडाचा रस पितात आणि नको ते पाणी मागून सोडतात. फांदी हलली की जास्त गळतं. काठी त्यासाठीच."

"म्हणजे आम्ही डोळ्यांना किड्यांचं मूत लावलं?" दूधवाला किंचाळला. तोवर बुवा काठी काखेत मारून पायवाटेला लागले होते.

तिने पिशवीतून वडिलांची जंगलातल्या नोंदींची वही काढून उघडली. अकरा वर्षांपूर्वीची नोंद होती, याच पंधरवड्यातली. 'रडक्या आजपासून गळू लागला. किडे मजेत.' झाडाचं ते नाव काकांनीच ठेवलेलं.

तिने भिंग आईपुढे धरलं. आईने ते घेतलंच नाही.

"मला दाखवलं होतं त्यांनी," ती हळूच म्हणाली. "आठवत होतं मला."

"मग आई..."

"चार दिवस विसरायचं होतं गं."

लेकीने तिचा हात धरला. मग गर्दीकडे वळून ती कशीबशी म्हणाली, "डोळ्यांना दिसेल ते तपासून बघा, विचारा, मग माना. बाबांची आठवण येईल त्याने राखणीला यावं. साल नेऊ नका."

कोयते खाली झाले. आईने वाटी मुळाशी रिकामी केली आणि ओल्या मातीचा गोळा उचलून उघड्या खोडावर लिंपायला घेतला.

"मंगळवारची पाळी त्यांची होती," ती मागे न बघता म्हणाली. "तिथे माझं नाव लिही."