पाचवं पॅकिंग

संग्रामपूरच्या शंकरराव इंगळ्यांनी चाळीस वर्षं विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त केली, आणि तेवढ्या काळात एकही पॅकिंग विकत घेतलं नाही. दोन लोखंडी तोंडांमधून हवा-धूर निसटू नये म्हणून मधे दाबायचा हा तुकडा ते घरीच कापत. बुटाच्या खोक्यातून, कॅलेंडरातून, आणि सगळ्यांत उत्तम म्हणजे लग्नपत्रिकेतून. तालुक्यातली निम्मी इंजिनं कोणा ना कोणाच्या शुभविवाहावर चालत. काही लग्नं मोडली. पॅकिंग गळल्याची तक्रार आली नाही.

त्यांची लेक समता मात्र विमानांची मेकॅनिक झाली. दिवाळीच्या सुटीत तिनं उड्डाणातून बाद झालेलं चार सिलिंडरचं एक छोटं इंजिन टेम्पोत घालून घरी आणलं. सोनाळ्याच्या शाळेतल्या पोरींना ते चालवून दाखवीन, असा शब्द तिनं मुख्याध्यापिका वंदनाताईंना दिला होता. अंगणात लोखंडी घोडीवर ते चढवलं, नळ्या खोलून घासल्या, तोवर सुटी संपली.

"नवे पॅकिंग मी पाठवून देईन," ती निघताना म्हणाली. "हवा आत घेते त्या बाजूले कागदी चालते. धूर टाकते तिथं आग राह्यते बाबा, तिथं पत्र्याचंच लागते. तुमची लग्नपत्रिका नाही टिकत."

"मंग मयताच्या पुण्यानुमोदनाची लावतो."

"तिचा कागद पातळ असते," समता म्हणाली, आणि दोघं हसले.

महिन्याभरात तिला डेंग्यू झाला आणि आठ दिवसांत ती गेली. पुण्यानुमोदनाच्या पत्रिका छापून आल्या. कागद पातळच होता. उरलेल्या पत्रिका शंकररावांनी कपाटावर ठेवल्या. घरात आलेल्या पत्रिकेला कात्री न लावण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

तिच्यासोबत काम करणारी मेहकरची रेणुका समताची हत्यारांची पेटी घेऊन आली. पेटीत नव्या पॅकिंगांचं एक बंद पाकीट होतं. वर समताच्या अक्षरात लिहिलेलं : बाबा, हात लावू नका.

शाळेतला कार्यक्रम दोन दिवसांवर होता. वंदनाताईंनी निरोप पाठवला होता, जमत नसेल तर इंजिनाऐवजी भाषण ठेवते. पोरीच्या शब्दाच्या जागी भाषण, हे काही शंकररावांना पटलं नाही. त्यांनी पाकीट बाजूला सारलं आणि खोललेलीच जुनी पॅकिंगं चिकटा फासून परत बसवायला घेतली.

"काका, एकदा दबलेलं पॅकिंग पुन्हा दबत नाही," रेणुका म्हणाली.

"माह्यावाले दबतात."

"पॅकिंगचं नाही वं काही," समताची आई भिमाबाई ओट्यावरून म्हणाल्या. "पाकिटावर तिचं अक्षर हाये. फोडवत नाही त्याइले."

"तू गप राह्य," शंकरराव म्हणाले. त्या गप राहिल्या, कारण सांगायचं ते सांगून झालं होतं.

इंजिन सुरू झालं. मिनिटभरही नीट चाललं नाही. तिसऱ्या सिलिंडरपाशी फसफस आवाज येऊन धूर आडवा निघाला. रेणुकानं इंजिन बंद केलं. चाळीस वर्षांत पहिलं पॅकिंग गळालं ते लेकीच्या इंजिनावर.

शंकररावांनी इंजिन निवू दिलं. मग ब्लेड घेऊन पाकीट खालच्या कडेनं कापलं, अक्षराला धक्का न लावता. आतून चार कागदी पॅकिंगं निघाली. पत्र्याची मात्र पाच.

"सिलिंडर तं चारच हायेत," ते म्हणाले.

रेणुका खाली पाहू लागली. "मीही तिले हेच म्हटलं होतं. ती म्हणे, एक बाबा वाया घालवतील."

त्यांनी जुना चिकटा खरडून तोंडं कोरडी केली. काहीही न फासता नवी पॅकिंगं बसवली. समताच्या पेटीतल्या मोजून आवळायच्या पान्यानं नट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळले. दुसऱ्या दिवशी इंजिन तापवलं, निवू दिलं, पुन्हा आवळलं. कार्यक्रमाच्या दिवशी सोनाळ्याच्या मैदानात ते दहा मिनिटं चाललं. पंख्याच्या वाऱ्यानं पोरींच्या वेण्या मागे उडाल्या. कुठंही फसफस नव्हती.

परतीच्या टेम्पोत भिमाबाई म्हणाल्या, "पोरगी चुकली म्हना. एकही वाया नाही घालवलं तुम्ही."

एरवी हे ऐकवायला शंकररावांनी लेकीला फोन लावला असता आणि आठवडाभर चिडवलं असतं. त्यांनी खिशातलं पाचवं पॅकिंग काढलं. कोरं होतं, चकचकीत. दोन्ही अंगठे लावून त्यांनी ते मधोमध वाकवलं.

"गेलं पाह्य एक वाया," ते म्हणाले. "बराबर सांगत होती ते."