वीट फिरव

आमच्या यांना, शामरावांना, शेवटची अंघोळ कुठे घालायची यावरून आमच्या अंगणात बैठक बसली होती. माणूस ओसरीत आडवा झालेला, आणि जमलेल्यांना काळजी चिखलाची.

"आई, गेट के बाहर नाली के पास कर देते हैं ना," माझा मुलगा अश्विन म्हणाला. "अंदर कीचड़ हो जाएगा."

बाप गेला तरी याच्या तोंडून मराठी निघेना. इथे हिंदी मुलखात, गुढ़ियारीत जन्मला, माझ्या हातचं खाऊन वाढला, आणि बोलतो असा की जणू मी याची भाडेकरू. अंगणातली झाडं काढून फरशी टाकायची आणि तिथे गाडी उभी करायची, हे त्याच्या मनात कधीपासून आहे. माझे दीर, रामकृष्ण भाऊजी, मान डोलवत होते. ते कुणीही काही बोललं की मान डोलवतात. समोरचा शिशिर तर पाटलाच्या थाटात खुर्ची टाकून बसला होता. हा रोज नळाला मोटर लावून गल्लीचं पाणी ओढतो आणि त्यानं आपली गाडी धुतो. आमच्या यांना 'पानीवाले बाबूजी' म्हणून हसायचा, आणि उन्हाळ्यात सरबताला लिंबं मागायला याच अंगणात यायचा. निर्लज्ज मेला.

पण खरं सांगते, हे तरी काय कमी होते? रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी केली, आणि घरी येऊन पाण्याची कारकुनी केली. तांदूळ धुतलेलं पाणी मोगऱ्याला. भाजीचं अळूला. माठ विसळला तर तेही बाहेर फेकायचं नाही. माझं नाव गोदावरी. माहेरचे विचारायचे, गोदावरीबाईंना अंघोळीला तरी पाणी मिळतं ना? मी काय सांगणार, कपाळ माझं.

आणि ती वीट. अंगणातल्या न्हाणीच्या दगडापासून यांनी दोन पाट काढले होते, एक लिंबाच्या झाडाकडे, एक केळीकडे. मध्ये एक वीट, फिरवली की पाणी दुसऱ्या पाटात. साधं पाणी लिंबाला, साबणाचं केळीला. केळ काहीही पिते, लिंबाला साबण चालत नाही, असं यांचं शास्त्र. अंगाला साबण लावायची वेळ आली की हे न्हाणीतून ओरडायचे, "अवं, वीट फिरव." तव्यावर पोळी जळो, दारात पाहुणा उभा राहो, मी धावत जायचं आणि वीट फिरवायची. स्वतःच्या पायानं ढकलली असती तर काय पाय झिजला असता? अश्विन लहानपणी त्यांच्यासोबत अंघोळीला बसायचा, तोही बोबड्या तोंडानं तेच ओरडायचा. दोघांची मोलकरीण होते मी. एवढा राग मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा आला नाही.

आणि आता ही माणसं म्हणत होती, त्यांचं शेवटचं पाणी नालीत सोडू.

"बाहेर नाही," मी म्हणाले. "तिथं न्हाणीच्या दगडावर घाला."

रामकृष्ण भाऊजींची मान पहिल्यांदा आडवी हलली. "वहिनी, मयताचं पाणी झाडाले घालून राहिल्या तुमी? मंग त्याचे निंबू खाईन कोण?"

"मी खाईन."

शिशिर खुर्चीवरून उठला आणि आपल्या घरून वासाच्या साबणाची नवी वडी घेऊन आला. यांनी जन्मात असला साबण वापरला नव्हता. भाऊजींनी मला आत बसायला सांगितलं, पुरुषाच्या अंघोळीला बाईमाणूस नको म्हणून. सत्तरी गाठलेल्या नवऱ्याला मी जसं काही पाहिलंच नव्हतं. तरी गेले आत. भांडायला त्राण नव्हतं.

स्वयंपाकघरात शेगडी बंद होती. मी भिंतीला टेकून बसले. बाहेर तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज आला, मग दगडावर पाणी पडल्याचा. पाणी लिंबाकडे चाललं असेल, मी मनात म्हटलं. रडू आलं, आणि त्याचाही राग आला. या माणसानं पाण्यापायी माझा जीव खाल्ला होता, आणि आज मीच त्याच्या पाण्यासाठी लोकांशी भांडून बसले होते.

मग तांब्याचा आवाज थांबला. मला वाटलं, आटोपलं.

तेवढ्यात अश्विनचा आवाज आला.

"आई, वीट फिरव."

तव्यावर पोळी नव्हती, तरी मी लगबगीनं उठले. न्हाणीशी गेले. अश्विन साबणाची वडी हातात धरून बापाजवळ उकिडवा बसला होता, अजून लावली नव्हती. मी कुणाकडे पाहिलं नाही. खाली वाकले आणि वीट फिरवली.

"लाव आता," मी म्हणाले.