वहिनींनी बंद केलेले पोर्ट

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. सध्या माळ्यावर पडून आहे आणि माझ्या डोक्यावर रंगाचे डबे रचलेले आहेत. पण माझी कीव करू नका. मी एका सुडात सामील होतो आणि त्याची मला अजूनही खंत वाटत नाही.

माझी उमेदीची वर्षे दोन भावांच्या पाट्या कोरण्याच्या दुकानात गेली. माझ्या पाठीमागे एक लांबट पोर्ट आहे, म्हणजे जाड केबल खोचायची जागा. केबलच्या दुसऱ्या टोकाला कोरणीचे यंत्र होते. मी अक्षरे पाठवायचो, ते पितळेत उतरवायचे.

मला चालवायच्या त्या वहिनी, थोरल्या भावाची बायको. एखादा काना जरा तिरका पडला, तरी त्या ती पाटी बाजूला टाकून नवी घ्यायच्या. सकाळी आधी माझ्यावरचा पितळेचा कीस ब्रशने झाडायच्या, मगच स्वतः चहा घ्यायच्या.

धाकटा दीर गल्ल्यावर बसायचा. तोंडाने भारी गोड. एकदा नव्या इस्पितळाची पाटी पाहून खूश झालेले डॉक्टर दुकानात आले. "काय सुबक अक्षरं आहेत! कुणी कोरली?"

"मीच," दीर म्हणाला. "वहिनी काय, नुसतं बटण दाबतात."

वहिनी तिथेच उभ्या होत्या. माझ्या कळांवर त्यांची बोटे त्या दिवशी आपटत होती.

पुढे दिराचे लग्न ठरले. होणारे सासरे मोठमोठ्या इमारती बांधणारे. दीर हवेतच होता. त्याने त्यांना मुलीसह दुकानात बोलावले. "मशीन मीच चालवतो. तुमच्यासमोर हिचं नाव कोरून दाखवतो!"

त्या दिवशी वहिनी सगळ्यांच्या आधी आल्या. मला सुरू केले आणि पडदा उजळता उजळताच एक कळ दाबून धरली. माझे निळे पान उघडले. माझे कोणते पोर्ट चालू ठेवायचे आणि कोणते बंद, हे त्या पानावर ठरते. वहिनी एकेक ओळ खाली सरकत कोरणीच्या पोर्टापाशी थांबल्या. 'चालू'चे 'बंद' केले, बदल जतन केला आणि पुटपुटल्या, "बटणच दाबते ना मी? घ्या, दाबलं."

माझी पाठ सुन्न झाली. पण खोटे कशाला सांगू, मला आतून गुदगुल्या होत होत्या. हाच दीर मला खटारा म्हणायचा आणि माझ्यावर गरम कप ठेवायचा.

पाहुणे आले. दिराने मुलीचे नाव टाइप केले आणि ऐटीत यंत्राकडे हात केला. यंत्र ढिम्म. त्याने केबल काढून खोचली, मला बंद करून पुन्हा सुरू केले, शेवटी माझ्या कुशीत एक थाप मारली. त्याचा चेहरा घामाने निथळू लागला.

"वहिनी, बघा ना जरा," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"मी काय बघणार, भावोजी?" वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या. "मी तर नुसतं बटण दाबते."

मुलीने दिराकडे रोखून पाहिले. "हे मशीन रोज तुम्हीच चालवता ना?"

"म्हणजे... तसं..."

"हो की नाही?"

दिराची मान खाली गेली. "वहिनी चालवतात."

"आणि ती इस्पितळाची पाटी?"

"तीही त्यांनीच केली."

वहिनींना एवढेच ऐकायचे होते. त्या बसल्या, मला पुन्हा सुरू करता करता निळे पान उघडून पोर्ट चालू केले. यंत्र घुरघुरले. मुलीचे नाव पितळेत उमटले. पाटी पुसून तिच्या हातात देत वहिनी म्हणाल्या, "पोर्ट मीच बंद केलं होतं. का, ते यांना विचारा."

लग्न मोडले. घरात रणकंदन झाले आणि भाऊ वेगळे झाले. वहिनींनी पलीकडच्या रस्त्यावर स्वतःचे दुकान काढले. वाटणीत त्यांनी मला मागितले, पण दिराने मुद्दाम दिले नाही. त्याने मला उघडाच माळ्यावर फेकले, यंत्र भंगारात घातले आणि रंगांचे दुकान थाटले. त्यानेही आपला सूड असा उगवून घेतला.

मित्रांनो, जुने यंत्र अडगळीत टाकलेत, तर निदान त्याच्यावर एक कापड घाला. आणि त्याच्या कामाचे कौतुक कराल, तेव्हा ते चालवणाऱ्याचे नाव गाळू नका.

अजूनही कधी कधी एखादे गिऱ्हाईक खाली रंगांच्या दुकानात येऊन पाट्यांची चौकशी करते. मग दिराला वहिनींच्या दुकानाचा पत्ता सांगावा लागतो. तो हळू आवाजात सांगतो, गिऱ्हाईकाला ऐकू जात नाही, आणि त्याला पुन्हा मोठ्याने सांगावे लागते.