पडद्याकडे पाठ

डोअरकीपरच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षी थिएटरात तलवारींचा तो जुना सिनेमा पुन्हा लागला आणि नऊ आठवडे हलला नाही. सिनेमा परभाषेतला. बोलणं कुणाला कळत नसे. खाली अक्षरं उमटत, ती येतील तशी लोक वाचत. पण दोरीला लोंबकळून एका जहाजावरून दुसऱ्यावर उडी मारायची, त्यात वाचण्यासारखं असतं काय?

डोअरकीपरने मात्र तो पाहिला नव्हता. फार पूर्वी कुणाच्या तरी विडीने खुर्ची पेटली होती. तेव्हापासून मालकाचा दंडक होता, की डोअरकीपरने पडद्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि माणसांवर नजर ठेवायची. "पडदा कुठे पळून जात नाही," मालक म्हणे. अकरा वर्षं तो तसाच उभा होता.

त्यामुळे त्याला सिनेमा ठाऊक होता तो चेहऱ्यांवरून. सगळ्या माना एकदम डावीकडून उजवीकडे गेल्या, की नायकाने झोका घेतला. पुढच्या रांगेतल्यांनी पाय वर घेतले, की जिन्यातली झटापट सुरू झाली. तिसऱ्या रांगेत एक पोस्टमन दर शनिवारी यायचा आणि मांडीवरची छत्री उचलून वार अडवायचा. शेजारचा ओरडायचा, "अहो, माझा डोळा फोडाल!" आणि अगदी शेवटी सगळं थिएटर चिडीचूप. बायका डोळ्यांना रुमाल लावत. पोस्टमनसुद्धा छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून नाक ओढत बसे.

घरी आल्यावर डोअरकीपर हे सगळं बायकोला सांगे. तिच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. चार महिने ती खाटेवर होती. त्याआधी शिंप्याकडच्या शर्टांची काजं करायची. आता सुई धरली तरी दम लागे.

"त्या नायकाच्या शर्टाच्या बाह्या कशा आहेत?" तिने विचारलं.

"काय माहीत!"

"नऊ आठवडे तुमच्या पाठीमागे तलवारी खणखणतायत, आणि तुम्हाला बाह्या ठाऊक नाहीत? धन्य आहे." मग ती म्हणाली, "आणि शेवट?"

"मरतो तो."

हे त्याने रुमालांवरून ठरवलं होतं. कुणाला विचारायची सोय नव्हती. थिएटरातला माणूस आणि शेवट ठाऊक नाही, म्हटल्यावर लोक हसले असते.

"एवढ्या तलवारींतून वाचून मरतो?" ती छताकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, मला बघायचाय."

"डॉक्टर काय म्हणालेत? जिवाला धसका बसेल असं काही नको."

"मला फक्त शेवट बघायचाय. मरताना तो भितो का, एवढंच."

शेवट बघता बघता ही तिथेच गेली तर? पण न दाखवता गेली तर? रात्रभर तो कूस बदलत राहिला. सकाळी शेजारच्या सुताराकडे जाऊन म्हणाला, "तुझी हातांची खुर्ची दे. आणि तूही ये."

शेवटच्या गुरुवारी, दुपारी तीनच्या खेळाला, जावयाने आणि सुताराने तिला खुर्चीसकट उचलून आणलं. "सांभाळून रे, मी काही कपाट नाही," ती म्हणाली. डोअरकीपरने तिला मधल्या वाटेच्या कडेला, आपल्या नजरेसमोर बसवलं आणि पडद्याकडे पाठ केली.

त्या दिवशी कुणी विडी पेटवली असती तरी त्याला दिसली नसती. तो तिलाच बघत होता. नायक आला असावा, कारण तिची बोटं मांडीवर काज घालू लागली. झोका आला, तशी तिची मान लहान मुलीसारखी फिरली. जिन्यातल्या झटापटीला तिने खुर्चीचा हात घट्ट धरला आणि तिचे ओठ निळसर झाले. तो एक पाऊल पुढे सरकला. तिने बोटानेच त्याला थांबवलं.

मग थिएटर चिडीचूप झालं. रुमाल निघाले. मान वळवली असती तर शेवट दिसला असता. पण तिचा चेहरा हुकला असता. त्याने मान वळवली नाही. सगळे रडत होते, आणि ती हसत होती.

घरी तिला खाटेवर निजवल्यावर त्याने विचारलं, "काय झालं गं?"

"अहो, तो मरत नाही मुळी! जहाजावर चढतो आणि जातो निघून. बायको धक्क्यावर राहते."

"मग लोक रडतात कशाला?"

"तिच्यासाठी." थोडा वेळ ती श्वास गोळा करत राहिली. "पण तीही काही रडत नाही हो. हात हलवते, त्याची पडलेली टोपी उचलते आणि घरी जाते."

"आणि तो? भितो?"

"छे. नीट उभा राहतो, तिच्याकडे तोंड करून." मग तिने नाक मुरडलं. "बाह्या बऱ्या आहेत. काजं मात्र कुणी केलीत कोण जाणे, सगळी उसवलेली."

शुक्रवारी दुसरा सिनेमा लागला. तो कामावर गेला, आला, तिच्यासमोर स्टूल घेऊन बसला. हे असं सात आठवडे चाललं. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो नुसता तिच्याकडे तोंड करून बसे.

जुळी सहा महिन्यांची झाली त्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास, डोअरकीपरची बायको वारली.