राहीबाईंच्या गळ्यातले हिरवे पान

मित्रांनो, मी जेडाईट आहे. पाचू नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या नगरकडे हिरवा दगड दिसला की लोक त्याला पाचू म्हणून मोकळे होतात आणि मग मला उगाच दुसऱ्याचे नाव मिरवावे लागते. माझे स्वतःचे नाव चांगले आहे. अंगठ्याच्या पेराएवढे एक कोरीव पान, वर चांदीची कडी आणि त्यात ओवलेली चांदीची साखळी, असे माझे रूप. मी देखणा आहे हे मला ठाऊक आहे आणि ते सांगायला मी लाजत नाही.

माझा जन्म ब्रह्मदेशातल्या डोंगरात झाला. वरून मी तपकिरी सालीचा एक साधा धोंडा होतो. ज्याने मला उचलले त्याने हातात तोलून पाहिले आणि तो थबकला, कारण आकाराच्या मानाने मी बराच जड होतो. मला करवतीने चिरले तेव्हा आतला हिरवा रंग पहिल्यांदा उजेडात आला आणि भोवतीची माणसे वाकून बघू लागली. पुढे एका कारागिराने माझे पान घडवले, त्यावर बारीक शिरा कोरल्या आणि झिलई दिली. आम्ही जेडाईट फार चिवट. सहजासहजी टवका उडत नाही. त्या कारागिराने मला भरपूर शिव्या घातल्या, पण काम संपल्यावर मला कितीतरी वेळ तळहातावर घेऊन तो बसून राहिला.

असा हातोहात फिरत मी नगरला मेहताबआपांच्या दुकानात आलो. चांदी आणि रंगीत खडे यांचे ते छोटेसे दुकान. मला वाटले, आता आपल्यासाठी रांग लागणार. कसले काय! जो येई तो पाचू मागायचा. एका गृहस्थांनी तर मला घरी नेऊन दुधाच्या पेल्यात टाकले. खऱ्या पाचूने दूध हिरवे दिसते, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. दूध पांढरे ते पांढरेच राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खोटा ठरवून परत आणून दिले. मी खोटा! मित्रांनो, त्या अपमानाने मी आतून पेटलो होतो. त्यानंतर मी खणात मागे सरकलो आणि माझ्यावर धूळ बसू लागली.

मग एका रविवारी मिरजगावहून दोघी मायलेकी आल्या. लेक निकिता सुप्याच्या एका कारखान्यात नोकरीला होती. आई राहीबाई घरची शेती बघायच्या. निकिताच्या भावाचे, समर्थचे, लग्न तोंडावर आले होते. तिचे वडील जाऊन बरीच वर्षे झाली होती आणि तेव्हापासून आईचा गळा मोकळाच होता. घरच्या कार्यात राहीबाई स्वयंपाकघराच्या बाहेर फिरकत नसत. पोराच्या लग्नातही आई चुलीपाशीच बसून राहील, या विचाराने निकिताला चैन नव्हते. आईने गळ्यात काहीतरी घालून चारचौघांत यावे, एवढेच तिला हवे होते. सोने घातले तर भावकी बोलेल, दगडाला कोण काय बोलणार, असा तिचा हिशेब होता.

राहीबाई स्टुलावर चहा पीत बसल्या आणि निकिता काउंटरशी आली. जेड, म्हणजे आमच्या जातीचा दगड, ती पहिल्यांदाच विकत घेत होती, पण मोबाईलवर पुष्कळ काही पाहून आली होती. मेहताबआपांनी ट्रे काढला. त्यात मी होतो, एक फिकट जांभळा थेंब होता आणि एक भडक हिरवा बदाम होता. निकिताची नजर पहिल्यांदा त्या भडक बदामावर गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"तो रंगवलेला आहे, ताई," मेहताबआपा म्हणाल्या. "स्वस्तात पाहिजे असेल त्याला मी तसं सांगूनच विकते. हे बघा."

त्यांनी बदामाखाली बॅटरी धरली. रंग भेगाभेगांत साचलेला दिसला. मग बॅटरी माझ्याखाली आली. माझा रंग आतपर्यंत मुरलेला, कुठे गडद, कुठे कोवळा, आणि उजेडात माझे बारीक कण एकमेकांत घट्ट विणलेले. "हातात घ्या. खरा जेड जड लागतो आणि लवकर गरम होत नाही. तरी नुसत्या हातावर भरवसा ठेवू नका. तपासणीचा दाखला मागायचाच, कुठंही घ्या." माझा दाखला पुढे आला. नैसर्गिक, प्रक्रिया न केलेला. मी ताठ झालो.

आणि निकिताने तो जांभळा थेंब उचलला.

"हिरवा नाही आवडला?" आपांनी विचारले.

निकिताने आवाज खाली आणला. "आवडला ना. पण आईसाठी घेतेय. वडील नाहीत आमचे. तिला हिरवं चालत नाही."

ती हे प्रेमानेच बोलली होती. आमच्या भागात असेच होते. नवरा गेलेल्या बाईसाठी घेताना माणसे हिरवे आपणहून बाजूला सारतात. साडी असो, बांगडी असो, तिला विचारायचे असते हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. थेंब खराच होता, सुंदरही होता. आपांनी तो राहीबाईंच्या गळ्याला लावून आरसा धरला. राहीबाईंनी आरशात पाहिलेच नाही. त्या ट्रेकडे पाहत होत्या.

"ते पान हातात घेऊ का?"

मी त्यांच्या तळहातावर गेलो. खुरप्याने घट्टे पडलेला तो हात. त्यांनी बोटाने माझ्या शिरा चाचपल्या.

"लई गार हाय," त्या म्हणाल्या. "हेच घे."

"आई, हिरवं आहे ते. लोक काय म्हणतील?"

"लोकांचं र्‍हाऊ दे. तू तरी इचारलं का मला, कोणतं पायजे?" राहीबाईंचा आवाज चढला नव्हता. "हिरवं मी टाकलं न्हवतं, निकिता. माज्या अंगावरून काढलं हुतं. तुजा बाप गेला, माजे डोळे न्हाई गेले."

निकिताच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. तिने जांभळा थेंब ट्रेमध्ये ठेवला आणि आईच्या गळ्यात माझी साखळी अडकवली. मेहताबआपांनी आरसा पुन्हा धरला. या वेळी राहीबाईंनी स्वतःला नीट पाहिले. मला आजवर अनेकांनी न्याहाळले होते, पण कुणी मला मागून घेतले नव्हते. त्या दुपारी मी खरा अभिमान काय असतो ते शिकलो.

लग्नाच्या आदल्या दिवशी मिरजगावला दारात मांडव उभा राहिला आणि समर्थ हळदीला पाटावर बसला. हळद सवाशिणींनी लावायची. वाटी राहीबाईंच्या नणंदेच्या, कडूबाईंच्या, हातात होती. बायका पुढे सरकत होत्या, तेवढ्यात राहीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. गळ्यात मी, पदराच्या वर, सगळ्यांना दिसेल असा. बायकांचे गाणे थांबले.

"वहिनी, ह्ये काय हिरवं? आन् आज?" कडूबाई म्हणाल्या.

"जेडाईट हाय," राहीबाई म्हणाल्या. मित्रांनो, पहिल्यांदाच कुणीतरी चारचौघांत माझे नाव बरोबर घेतले! "पोराला हळद लावायला आले."

त्यांनी वाटीत बोटे घातली. कडूबाईंनी वाटी सोडली नाही. दोघींचे हात त्या एकाच वाटीवर होते आणि राहीबाईंच्या छातीची धडधड मला स्पष्ट ऐकू येत होती. त्या आत्ता मागे फिरल्या असत्या, तर पुन्हा कधीच बाहेर आल्या नसत्या. मला भीती वाटली.

समर्थने पाटावरूनच मान वर केली आणि गाल आईसमोर धरला.

कडूबाईंनी भाच्याकडे पाहिले, मग भावजयीकडे. त्यांनी वाटी सोडून दिली. "लावायची तर तळहात भरून लावा, वहिनी," त्या म्हणाल्या. "बोटभर काय लावता?"

राहीबाईंनी पोराचे दोन्ही गाल माखले. तो वाकला तेव्हा त्याच्या गालाची हळद माझ्यावर उतरली.

मित्रांनो, मी आता रोज त्यांच्या गळ्यात असतो, शेतातही आणि बाजारातही. माझी निगा राखणे सोपे आहे. कोमट पाणी आणि मऊ फडके पुरे. विस्तवाजवळ ठेवू नका, कडक साबणाने धुऊ नका. माझ्या एका शिरेत थोडी पिवळी रेघ राहून गेली आहे. निकिता सुट्टीला आली की ब्रश घेऊन ती काढायला बसते. तिला सांगा, तेवढी राहू दे.